तांबड्या काड्यांचं वाण

धंदा सुरू करताना मला कशाकशाची भीती वाटत होती ते आठवलं की आता हसू येतं. माल वाटेत भिजेल, मुंबईचा व्यापारी फोन उचलणार नाही, गल्लीतले लोक तोंडावर हसतील, असल्या गोष्टींची. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी एकेक भीती काढून बघत असे. मी मुळातच भित्री आहे आणि त्यात वर तापट, म्हणजे आधी घाबरायचं आणि मग घाबरवणाऱ्यावर चिडायचं. पण जे खरोखर घडलं ते मला एकदाही सुचलं नव्हतं.

धंदा होता चॉपस्टिक्सचा. साध्या नव्हेत, शोभेच्या; परदेशातून येणाऱ्या, चकचकीत रंग दिलेल्या, वर फुलं, मासे, पक्षी रंगवलेल्या. त्याचं असं झालं, की विहारातल्या बायकांबरोबर मी बुद्धगयेला गेले होते. तिथल्या एका परदेशी विहारात जेवायला बसलो तेव्हा मला काही केल्या काड्यांनी भात उचलता येईना. शेजारच्या म्हाताऱ्या भिक्खुणीनं हसत हसत माझी बोटं धरून शिकवलं, आणि निघताना एक जोडी हातात ठेवली. पिशवीत मोडायला नको म्हणून मी ती अंबाड्यात खोचली. कोल्हापूर येईपर्यंत गाडीतली प्रत्येक बाई मला विचारून गेली, असल्या काड्या कुठं मिळतात.

मग मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत काचेचं कपाट आलं. नवरा कबनूरला यंत्रमाग दुरुस्त करतो. तो म्हणाला, "आजवर लोक उगंच म्हणायचे, बायको काड्या करत्या. आता खरंच करत्या म्हणायला मोकळे." म्हणाला खरा, पण कपाटाच्या फळ्या त्यानंच ठोकल्या. माझी आई आमच्याकडंच राहते, तिचं म्हणणं वेगळं होतं. "भात खायला पाच बोटं दिल्यात की माणसाला," असं ती येणाऱ्या गिऱ्हाइकालाही ऐकवायची. मी तिला कपाटापासून लांब बसवायला लागले.

धंदा बरा चालला. कॉलेजच्या मुली अंबाड्यासाठी न्यायच्या, कुणी दिवाणखान्यात मांडायला न्यायचं, आणि पोरांना गाडीवरचे नूडल्स आवडायला लागल्यापासून काही जण खायलाही न्यायचे. पावसाळ्यानंतर व्यापाऱ्यानं नवा माल पाठवला. तांबडा भडक रंग, त्यावर सोनेरी फुलं, प्रत्येक जोडी तांबड्याच डब्यात. आधीच्या मालापेक्षा स्वस्त आणि दिसायला कितीतरी देखणा. डब्याच्या पाठीवर परक्या लिपीतलं लेबल होतं आणि त्यात एक छोटं चित्र: वाटी, आणि वाटीवर आडवी रेघ. मी समजले, गरम पदार्थात बुडवून ठेवू नका, रंग जाईल, असं काहीतरी असेल. अर्थ नीट विचारावा असं तेव्हा मनातही आलं नाही.

संक्रांतीच्या आधी मागच्या गल्लीतल्या वहिनी आल्या. त्यांचं घर शेतकऱ्याचं. गावाकडं ऊस आणि इथं घरामागं म्हशी. आम्ही दूध त्यांच्याकडूनच घेतो. पूर्वी दूध घालायला त्यांचे मालक यायचे. त्यांना सगळी पेठ दादा म्हणते. दिवाळीच्या सुमाराला दादांच्या छातीत दुखायला लागलं, मोठं ऑपरेशन झालं, आणि ते घरी परत येतील की नाही अशी वेळ आली होती. ते आले. आता ओसरीवरच्या खाटेवर उशीला टेकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शर्टाची बटणं काढून टाके दाखवायचे.

वहिनी म्हणाल्या, "मी नवस बोललोय. हे चालत घरात आलं तर असलं हळदीकुंकू करीन, की गल्लीनं बघितलं नसंल. डबं, रुमाल, वाट्या सगळ्याच लुटत्यात. मला तुझ्या त्या तांबड्या काड्या पायजेत."

आमच्या घरात हळदीकुंकू नाही. आजीच्या काळात आमची माणसं बौद्ध झाली तेव्हा घरातले देव गेले, त्याबरोबर वाण, ओटी, नवस सगळं गेलं. त्यामुळं संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पेठेतल्या बायका नटूनथटून घरोघरी फिरतात तेव्हा मी खिडकीतून साड्या बघते, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. वहिनींनाही ते माहीत होतं. "तुमच्यात चालत न्हाय, पर धंद्याला काय हुतंय," असं म्हणून त्यांनी माझ्या मुलीनं घेतलेली एक जोडी सोडून सगळाच तांबडा माल उचलला. मला आनंद झाला. भीती म्हणाल तर एवढीच वाटली, की आता कपाट रिकामं दिसणार.

एकच अट होती. डब्यांवरची किंमत काढून द्यायची. किंमत लिहिलेलं वाण कुणी देत नाही. मी किमतीच्या चिठ्ठ्या त्या परक्या लेबलावरच चिकटवल्या होत्या, त्या काही सुट्या निघेनात. म्हणून वहिनींच्या ओसरीवर बसून आम्ही दोघींनी नखांचा रंग काढायचं औषध लावून लावून किंमत आणि लेबल दोन्ही खरवडून काढलं. वास सगळीकडं भरला. दादा खाटेवरून म्हणाले, "मला पुन्यांदा भूल देताय काय गं." सगळे हसलो. डबे पाठीकडूनही कोरे आणि सुंदर दिसायला लागले.

हळदीकुंकू जोरात झालं. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आल्या तेव्हा वहिनींच्या तोंडावर तेज होतं. तिळगुळाबरोबर त्यांनी पातेलंभर नूडल्स केले होते म्हणे, आणि बायकांबरोबर आलेल्या पोरांनी त्याच काड्यांनी खाताना जी धमाल केली ती बघून दादा पोट धरून हसले. "किती दिसांनी हसलं ते," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

व्यापाऱ्याचा फोन त्यानंतर काही दिवसांनी आला. दुपारची वेळ, मी कपाट पुसत होते. "मॅडम, वो लालवाला माल रोक दो. खानेका नहीं है, सिर्फ दिखानेका." म्हटलं, म्हणजे काय. तो सांगायला लागला, की कुणा गिऱ्हाइकानं तपासून घेतलं, रंगात शिसं निघालं. डोक्यात घाला, भिंतीवर लावा, पण तोंडात नको, लहान मुलांच्या तर नकोच. "डिब्बेपे लिखा है ना मॅडम, कटोरीपे लाइन मारी है."

मी फोन ठेवला आणि खाली बसले. पहिल्यांदा आठवली माझी मुलगी. ती सातवीत, आजीच्या वळणाची, हातानंच जेवणारी. काड्या तिनं फक्त केसांत घातल्या होत्या. मला हायसं वाटलं. मग पातेलंभर नूडल्स आठवले. एकदा खाल्ल्यानं काही होत नाही, हे डॉक्टरांनी मला पुढं सांगितलं. तेव्हा ते माहीत नव्हतं. शिसं म्हणजे काय करतं ते मी फोनवर शोधलं आणि दोन ओळी वाचून बंद केलं. पोरांची बुद्धी, पोरांचं रक्त, असं काहीतरी होतं. पुढचं वाचायची माझी हिंमत झाली नाही.

वहिनी म्हशींना वैरण टाकत होत्या. मी गोठ्यातच जाऊन सांगितलं. "वहिनी, त्या काड्यांच्या रंगात शिसं हाय. पोरांच्या पोटात गेलं तर बाधतंय. सगळ्यांच्याकडनं परत आणायला पायजेत, आजच्या आज."

"परत?"

"व्हय."

"वाण परत मागतीयास?" त्यांच्या हातातली वैरण तशीच राहिली. त्यांनी ओसरीकडं बघितलं. दादांचा डोळा लागला होता. वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्यांच्यासाठी लुटलंय मी ते. सवाशिणींच्या हातात दिलंय. ते माघारी आणायचं म्हंजी काय, ठावं हाय का तुला? मी फुडचं तोंडानं बोलत न्हाय."

"बरं, परत नको. नुसतं सांगू या, तोंडात घालू नका म्हणून."

"म्हंजी इषाचं वाण दिलं म्हणून घरोघर सांगायचं? एकच झालं की."

मला राग आला. म्हणाले, "दादांना डॉक्टरांनी शिवलंय, वहिनी. वाणानं न्हाय."

"तुमच्यात न्हाय ते," वहिनी म्हणाल्या. "तुला न्हाय कळायचं." आणि त्या म्हशीकडं वळल्या. त्यांची पाठ थरथरत होती. तेव्हा मला ती रागानं थरथरते आहे असं वाटलं. नंतर विचार केल्यावर कळलं, की त्या माझ्याइतक्याच घाबरल्या होत्या. मला पोरांच्या पोटात जाणारा रंग दिसत होता, त्यांना स्वतःचं कपाळ. दोघींची भीती एका गोठ्यात उभी होती आणि एकीची दुसरीला पटत नव्हती.

मग मी एकटीच निघाले. हळदीकुंकवाला कोण कोण गेलं होतं ते निम्मं मी खिडकीतून बघितलंच होतं. पहिल्या घरातली सून बरी निघाली. "अगं बया," म्हणत ती डबा आणायला आत वळली. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय गं?" सुनेनं सांगितलं. सासूबाई बाहेर आल्या, माझ्याकडं बघितलं, माझ्या कपाळाकडं बघितलं. "आमच्या दारातनं वाण माघारी जात न्हाय," म्हणाल्या, आणि दार लावलं. जोरात नाही, नीट लावलं. मी पायरीवर उभी राहून दाराला सांगितलं, की लहान मुलांच्या तोंडात देऊ नका. दाराला सांगताना आपला आवाज किती बारीक होतो ते मला कळलं.

दुसऱ्या घरी त्याहून वाईट निघालं. तिथली बाई माझ्या ओळखीची, प्रेमळ. ती जराशी लाजली. "माझ्याजवळ न्हाय गं ते. मी फुडं दिलं."

"पुढं म्हणजे?"

"माझ्या हळदीकुंकवाला. एवढं एवढं वाण येतंय, घरात ठेवायचं कुठं? सगळ्याच फिरवत्यात."

हे मला माहीत नव्हतं. माझ्यासारख्या खिडकीतून बघणारीला ते कुठून कळणार? एका घरात मिळालेलं वाण दुसऱ्या घरात दिलं जातं, तिथून तिसऱ्या. ज्यांच्याकडं हळदीकुंकू व्हायचं होतं त्यांनी काड्या जपून ठेवल्या होत्या, पुढं द्यायला. रथसप्तमी अजून लांब होती. म्हणजे मी दारोदार फिरत होते तेव्हाच त्या तांबड्या काड्या या घरातून त्या घरात, पेठेतून दुसऱ्या पेठेत, कोल्हापुरातून गावोगाव चालल्या होत्या. मी त्या बाईच्या उंबऱ्यावरच बसले. तिनं पाणी आणून दिलं. म्हणाली, "माझ्या नणंदंला दिलंय, हातकणंगल्याला. तिची बारकी लई खूश झाली ते बघून."

पहिली गाडी पकडून मी हातकणंगल्याला गेले. घर स्टेशनच्या जवळच होतं. दार उघडं. आत एक अंगणवाडीतली मुलगी मांडी घालून वरणभात खात बसली होती. दोन्ही काड्या एका मुठीत धरून ती भात लोटत होती आणि मग नुसतीच काडी चोखत होती. तिची आई कौतुकानं म्हणाली, "आल्यापासनं त्याच्याबिगर जेवतच न्हाय बघा. झोपताना सुदिक हातात पायजे."

मी ती काडी तिच्या हातातून घेतली. ओढूनच घेतली म्हणा. ती रडायला लागली. काडीचं टोक पांढरं पडलं होतं. तांबडा रंग दातांनी सोलून गेला होता, खालचं लाकूड दिसत होतं, आणि त्यावर बारीक दातांचे वण होते. गेलेला रंग कुठं गेला असेल हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

त्या आईला मी कसं सांगितलं ते मला आठवत नाही. तिच्या तोंडावरचं हसू कसं गेलं ते आठवतं. ती म्हणाली, "पोट दुखतंय, पोट दुखतंय करत व्हती. मला वाटलं तिळगूळ जास्त झाला." मग तिनं पोरीला उचलून मोरीत नेलं आणि तिच्या तोंडात बोट घालून धुवायला लागली. पोरगी रडत होती, ती धुतच होती, पुन्हा पुन्हा, चूळ भरवून, दात घासून. मी शेवटी तिचा हात धरला आणि म्हणाले, "चला, कोल्हापूरला दवाखान्यात जाऊ." तिनं विचारलं, "धुतल्यानं निघत न्हाय व्हय?"

डॉक्टरांनी रक्त घेतलं आणि बाहेर तपासायला पाठवलं. निकाल यायला वेळ लागेल म्हणाले. मी त्या मायलेकींना गाडीत बसवून दिलं आणि सरळ वहिनींच्या घरी गेले. मी ती सोललेली काडी ओसरीवर, दादांच्या खाटेजवळ ठेवली.

वहिनींनी ती उचलली नाही. नुसती बघितली. "केवढं हाय पोर?" विचारलं.

"अंगणवाडीत जातंय."

"पोरगी हाय?"

"व्हय."

वहिनी उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं, आता हेही दार लागलं. दादा काडी हातात घेऊन दातांच्या वणांवरून बोट फिरवत बसले. थोड्या वेळानं वहिनी बाहेर आल्या त्या हातात परडी घेऊन. वेताची, जुनी, आत कवड्यांची माळ. मंगळवारी, शुक्रवारी अंबाबाईच्या नावानं जोगवा मागायला बायका घेऊन फिरतात ती. वहिनींच्या सासूची होती. त्या गेल्यापासून कुणी हातात घेतली नव्हती.

"उद्या शुक्रवार हाय," वहिनी म्हणाल्या. "वाण परत मागता येत न्हाय. जोगवा मागता येतोय. जोगव्याला कोण न्हाय म्हणत न्हाय, आन् परडीत पडलं ते आईचं. मी मागतो. तू मागू नगंस, नुसती मागनं चल."

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. पुढं वहिनी, इरकल नेसलेल्या, कपाळभर कुंकू, पदर पसरून त्यावर परडी. मागं पिशवी घेऊन मी. आणि आमच्याही मागं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच हळू चालत, टोपी घालून दादा. वहिनींनी त्यांना घरी राहायला सांगून बघितलं. ते म्हणाले, "माझ्यासाठीच दिलंतं न्हवं? मग मला बघू द्या माघारी येताना."

खरं सांगते, माझं मन त्या परडीच्या मागं जायला सुरुवातीला तयार नव्हतं. माझ्या आजीनं जे सोडलं ते सोडायला तिला किती बळ लागलं असेल ते मी घरात ऐकत मोठी झाले. त्या घरची मी, आणि जोगव्याच्या मागं पिशवी घेऊन. आजीला काय वाटलं असतं हा विचार मी कोपऱ्यापर्यंत केला. कोपऱ्यावर ते पांढरं पडलेलं टोक आठवलं आणि मी पाय उचलला.

ज्या दारात माझ्या तोंडावर कडी लागली होती तिथंच वहिनी पहिल्यांदा उभ्या राहिल्या. त्यांनी आईच्या नावानं जोगवा मागितला. सासूबाई पसाभर तांदूळ घेऊन आल्या. वहिनी म्हणाल्या, "तांदूळ नगंत. माझ्या हातनं आलेल्या काड्या घाला परडीत." सासूबाई थबकल्या. त्यांनी वहिनींच्या कपाळाकडं बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या दादांकडं. दादांनी छाती थोपटली. "ठणठणीत हाय मी. घाला, घाला." सासूबाईंनी डबा आणला, कपाळाला लावला आणि परडीत ठेवला. वहिनींनी मान वळवून मागं बघितलं. दादा उभे होते. मग आम्ही पुढच्या दारात गेलो.

असं दारोदार. प्रत्येक वेळी डबा परडीत पडला, की वहिनी मागं वळून दादांकडं बघायच्या, श्वास चालू आहे की नाही हे बघितल्यासारख्या. परडीतल्या कवड्या वाजायच्या. एका घरात डबा पडला आणि त्याच वेळी दादांना खोकला आला. वहिनी परडी घेऊन तशाच मागं धावल्या. दादा म्हणाले, "अगं, फोडणीचा ठसका हाय." पण त्यापुढं वहिनींनी त्यांचा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. एवढं घाबरलेलं असताना माणूस एखादं काम करू शकतं हे मी त्याआधी बघितलं नव्हतं. मी स्वतः तर भीती वाटली की भांडण काढते.

ज्यांनी वाण पुढं दिलं होतं त्यांनी आमच्यासमोर फोन लावले. मिळालेल्या बायकांनी पुढच्या बायकांना लावले. कुणी लाजल्या, कुणी एकमेकींवर उखडल्या, फिरवलेलं वाण उघडं पडलं म्हणून एका घरात नणंद-भावजयींचं चांगलंच जुंपलं. पण चार दिवसांत डबे येत राहिले. नवरा कबनूरहून येताना इचलकरंजीतला एक घेऊन आला. बाकीचे भावांनी, दिरांनी, दूधवाल्यांनी आणून दिले. आई कपाटाजवळ बसून एकेक डबा पोत्यात टाकायची.

हातकणंगल्याच्या पोरीचा निकाल आला. शिसं होतं, असायला हवं त्यापेक्षा जास्त, पण डॉक्टर म्हणाले, वेळेत थांबलं. औषध लागणार नाही, दूधदुभतं, पालेभाजी खाऊ घाला, काही दिवसांनी पुन्हा तपासू. पुन्हा तपासलं तेव्हा उतरलं होतं. मी तिच्या आईसमोर हात जोडून उभी राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं. "आलासा म्हणून बरं झालं," म्हणाली. मग म्हणाली, "आता परत येऊ नगा." ते तिचं बरोबर होतं आणि मी परत गेले नाही.

दादा रथसप्तमी बघून, पाडवा बघून आता पुन्हा दूध घालतात. वहिनींनी परडी धुऊन ठेवली. आमच्यात त्या गोठ्यातल्या बोलण्याचा विषय कधी निघाला नाही. मीही काढला नाही आणि त्यांनीही. धंदा मी बंद केला नाही. आता लेबलावरचं अक्षर न् अक्षर विचारून घेते, तपासल्याशिवाय माल ठेवत नाही, आणि खायला मागणाऱ्याला लाकडाच्या, बिनरंगाच्याच देते.

पण पोत्यात एक डबा कमी होता.

तो कसा गेला ते कळलं. पेठेतल्याच एका बाईनं तो माहेरी द्यायला म्हणून पिशवीत घातला होता. निपाणीकडच्या एसटीत तिच्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर तान्हं पोर. पोर काही केल्या रडायचं थांबेना. म्हणून हिनं पिशवीतला डबा काढला आणि एक काडी त्याच्या हातात दिली. पोर गप्प झालं. त्यानं ती लगेच तोंडात घातली, दात येत असतील, हिरड्या शिवशिवत असतील. उतरताना हिनं सगळा डबाच त्या बाईच्या मांडीवर ठेवला, कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, राहू दे, संक्रांतीचं वाण समज. नाव विचारलं नाही. बाई अर्धं कानडी बोलत होती, एवढंच तिला आठवतं.

मी त्या गाडीवरच्या कंडक्टरांना विचारलं. स्टँडवर कागद लावला, मराठीत आणि कुणाकडून तरी कानडीत लिहून घेतलेला, तांबड्या डब्याच्या फोटोसकट. बायकांच्या जेवढ्या म्हणून मोबाइल गटांत पोचता आलं तेवढ्यांत फोटो पाठवला. आठवडे बाजाराला दोनदा जाऊन आले. बायका विचारायच्या, "काय पावणं, चोरीला गेलंय काय?" आणि मी नाही म्हणून पुढचं सांगायला लागले, की त्या आपल्या मुलांना जवळ ओढायच्या.

कुणाचा फोन आला नाही. ते पोर आता चालायला लागलं असेल. डॉक्टर म्हणतात, रंग केव्हाच निघून गेला असेल, किंवा काडी त्याच दिवशी गाडीत पडली असेल, इतका विचार करू नका. मी त्यांना बरं म्हणते. पण एसटीत कुठं लहान मूल रडायचं थांबलं, की मी जागेवरून उठते आणि त्याच्या तोंडात काय आहे ते बघून येते.